‘मृत’ऐवजी ‘हयात’ असे वाचावे

मंगळवारी सकाळी साडेदहाला कांचन धाबेकरला भुताचा फोन आला.

कांचन मटार सोलत बसली होती. नंबर अनोळखी, म्हणून तिने तो दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज.

"कांचन धाबेकर का?"

"हो. आपण?"

"मी रजनी पिंपळखुटे. दर रविवारी बारा वाजता तू लोकांना जिचं भूत दाखवतेस ना, ती."

मांडीवरची परात कलंडली आणि अर्धा किलो मटार सोफ्याखाली गेले. समोर तिचा नवरा मधुकर पेपर वाचत होता. त्याने पेपर न हलवता विचारलं, "कोणाचा फोन?"

"कुणाचा नाही," कांचन म्हणाली.

"बोलतेस की नाही?" पलीकडून आवाज आला. "की जिवंत माणसांशी बोलायची सवय मोडली?"

"वहिनी, मी..."

"गुरुवारी ये. आनंद नगरला राहते मी, मुलाकडे. पत्ता पाठवते. आणि येताना हारबीर आणू नकोस, अजून तशी वेळ आलेली नाही."

फोन बंद झाला. कांचन खाली बसून सोफ्याखालचे मटार गोळा करायला लागली. त्या कामाला तिला पाऊण तास लागला, आणि मटार काही एवढे लांब गेलेले नव्हते.

आता ही कांचन कोण, ते सांगायला हवं. वय एकसष्ट. सरकारी क्वार्टर कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही याच्या फायली जिथे चालतात, त्या शाखेत छत्तीस वर्षं बाबू म्हणून काढलेली. माहेर नागपूरचं, सासरही मूळ नागपूरचं. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा कचेरीच्या कपाटांबरोबर सासरेही आले आणि इथलेच झाले. निवृत्त झाल्यावर बायका भजनीमंडळात जातात, नाहीतर नातवंडांत रमतात. कांचनचा मुलगा आशिष पुण्यात, नातवंडं फोनवर, आणि भजनात तिचा आवाज लागायचा नाही. तिने भुतं धरली.

झालं असं की ऋचा नावाची एक चटपटीत मुलगी भोपाळच्या भुताटकीच्या, पडक्या, विचित्र जागा लोकांना हिंडून दाखवायची. कांचन एकदा हौसेनं गेली आणि सबंध फेरीभर ऋचाच्या चुका काढत राहिली. तिसऱ्या चुकीला ऋचा म्हणाली, "काकू, फिर आप ही बता दो ना." काकूंनी सांगायला सुरुवात केली आणि लोक ऋचाला विसरून गेले. पुढच्या महिन्यापासून रविवारची फेरी काकूंची.

तीही भर दुपारी. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही विचारा, भुताच्या वेळा दोन. एक रात्रीची, ती सगळ्या जगाला ठाऊक. दुसरी टळटळीत बाराची, ती आपल्या आज्यांनी खास राखून ठेवलेली, पोरांनी उन्हात चिंचेखाली खेळू नये म्हणून. कांचनचं म्हणणं, अंधारात कुणीही घाबरतं, उजेडात घाबरवून दाखवा. राखाडी सुती साडी, हातात मोठी काळी छत्री आणि कचेरीत कमावलेला तो सपाट चेहरा. ताजमहालात, म्हणजे आपल्या भोपाळच्या बेगमसाहेबांच्या ताजमहालात, वटवाघळांखाली उभी राहून ती नुसतं "ऐका" म्हणायची, की चांगले पगारदार लोक एकमेकांचे दंड धरायचे.

तिचा एक नियम होता. तो ती पहिल्याच थांब्यावर सांगायची. गॅसच्या कारखान्याकडे आपण जाणार नाही. ज्यांची माणसं अजून दवाखान्याच्या रांगेत उभी आहेत, त्यांचं भूत करायचं नसतं. हे ती इतक्या ठामपणे म्हणायची की कुणी पुन्हा विचारत नसे.

आणि शेवटचा थांबा टी. टी. नगर. जुन्या सरकारी घरांच्या बऱ्याच ओळी पाडून झालेल्या, ज्या दोन-तीन उरल्या त्यांतलं ‘जी’ टाइपचं घर, क्रमांक एकोणचाळीस. तिथे बरोबर बाराला कांचन आवाज खाली आणायची. या स्वयंपाकघरात दुपारी बांगड्या वाजतात. रजनीबाईंच्या. आडनाव पिंपळखुटे, म्हणजे पिंपळ आधीच जवळ. मग ती थांबायची, आणि खरंच बांगड्या वाजायच्या. अगदी हलक्या. लोकांच्या अंगावर काटा यायचा. छत्रीच्या दांड्याला आतल्या बाजूने दोन काचेच्या बांगड्या बांधलेल्या आहेत, हे ऋचालासुद्धा माहीत नव्हतं.

ऋचाला आणखीही बरंच माहीत नव्हतं. एकोणचाळीस नंबरात बावीस वर्षं कांचन स्वतःच राहिली होती. आणि ते भूत तिनेच बनवलेलं होतं.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल. कांचनचं लग्न होऊन वर्ष झालेलं. सासर अशोका गार्डनला, रेल्वे लाइनीला लागून, दीड खोलीत नऊ माणसं. गाडी गेली की पातेल्यातला भात हलायचा. नव्या नवरा-नवरीला एकमेकांशी बोलायचं तर मालगाडी येण्याची वाट बघावी लागे, म्हणजे बाकीच्यांना ऐकू जाणार नाही. अशात एकोणचाळीस नंबर रिकामं झालं. दोन खोल्या, स्वतंत्र नळ, मागे अंगण, अंगणात सीताफळ. तिथले गोपीनाथ पिंपळखुटे यांची बदली जगदलपूरला झाली होती. ते, बायको रजनी आणि दोन मुलं चार दिवसांत सामान बांधून गेली. मधुकरही सरकारी नोकर, त्याचा अर्ज यादीत तिसरा होता.

पहिले अर्जदार घराची चौकशी करायला कांचनच्या टेबलाशी आले. चोवीस वर्षांची पोरगी, खाली मान घालून फाइल चाळणारी. ती म्हणाली, "घर छान आहे सर. फक्त दुपारी बाराला स्वयंपाकघरात बांगड्या वाजतात, एवढंच."

"कुणाच्या?"

"त्या घरातल्या बाईंच्या."

क्रियापदाचा काळ सोडला तर यातलं काहीच खोटं नव्हतं, बरं का. रजनीवहिनी रोज बाराला पाट्यावर चटणी वाटायच्या, बांगड्या रस्त्यापर्यंत ऐकू यायच्या. कांचन तिकडे हळदीकुंकवाला गेली होती, तिने ऐकलं होतं.

"मग आता त्या बाई कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

कांचन गप्प बसली. एवढंच केलं तिने. खाली बघितलं आणि गप्प बसली.

साहेबांनी त्याच दिवशी लिहून दिलं की घर गैरसोयीचं आहे, नको. दुसऱ्या अर्जदारांच्या कानावर ते पहिल्यांनीच घातलं. तिसरा मधुकर. घर मिळालं.

पण बनवलेलं भूत पोसावंही लागतं. महिनाभरात शेजारणींनी कांचनला सांगितलं की तुमच्या घरात एका बाईनं जीव दिलाय. दोन महिन्यांत टाकीत उडी घेतल्याचं ठरलं. सोबत राहायला आलेल्या सासूबाईंनी ऐकलं मात्र, त्या म्हणाल्या, "हो बाप्पा, सवाष्ण गेली, तिचं काही करायला पायजे." मग दर अमावास्येला, भर बाराला, स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर केळीच्या पानात दहीभात, हळदकुंकू आणि दोन हिरव्या बांगड्या. दहीभात कालवायची कांचनच. जिवंत बाईला नैवेद्य, तोही बावीस वर्षं. भात कावळे खायचे, बांगड्या भांडी घासणारी बाई न्यायची, आणि जगदलपुरात रजनीवहिनी स्वतःच्या हातचं जेवून दुपारची झोप काढायच्या.

गुरुवारी निघण्याआधी कांचननं मधुकरला सगळं सांगून टाकलं. चाळीस वर्षं होत आली, नवऱ्याला आधी कळायला हवं, असं तिने ठरवलं आणि चहाचा कप त्याच्या हातात देतानाच सांगितलं. मधुकरनं कप तसाच टेबलावर ठेवला.

"म्हणजे घरात भूत नव्हतं?"

"नव्हतं."

"आईनं एवढी वर्षं..."

"हो."

"आणि मी दुपारी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचो नाही, ते?"

"तो तुमचा आळस. भुताचं नाव होतं."

मधुकरनं चहा प्याला. मग म्हणाला, "आता जाऊन काय करणार? पाय धरणार?"

"ते तिथे गेल्यावर बघू. पण मी जाणार."

"रिक्षानं जा. उन्हाचं चालू नको," तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं, "मला वाटायचं, घर माझ्या नशिबानं मिळालं."

रजनीवहिनी आता ब्याऐंशींच्या. काठी आहे, पण तिचा उपयोग चालायला कमी आणि बोट दाखवायला जास्त. फिकट साडी, पांढरे केस घट्ट बांधलेले. त्यांनी कांचनला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. पेला हातात धरूनच कांचननं अठ्ठ्याऐंशी सालची हकिगत सांगून टाकली.

"मी मेले हे मला कधी कळलं, माहितीय?" त्या म्हणाल्या. "सत्त्याण्णवला हे रिटायर झाले, आम्ही परत आलो. जानेवारीत मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले. एक बाई तिळगूळ देता देता म्हणाली, नाव काय? मी सांगितलं. तिच्या हातातलं ताट पडलं. तिळगूळ सगळा जमिनीवर. मला वाटलं, बाईला चक्कर आली."

कांचननं पदर तोंडाशी धरला.

"हसायचं असेल तर हस. मी पण हसले होते तेव्हा. पुढचं ऐक. आमच्या मृणालला स्थळ आलं. चांगला मुलगा, बँकेत. त्यांनी टी. टी. नगरात चौकशी केली. जुन्या घरी जाऊन आले म्हणे. आणि निरोप आला की मुलीची आई टाकीत गेली, आता जी आहे ती सावत्र दिसते, आणि हे तुम्ही लपवलंत." त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "माझ्या मुलीला सावत्र आई आहे, आणि ती मीच. सांग, काय करायचं मी? हे गेल्यापासून दर नोव्हेंबरात बँकेत जाते, हयातीचा दाखला देते. अंगठा लावते, डोळा दाखवते. सरकारला पटतं मी जिवंत आहे. टी. टी. नगरला पटत नाही."

कांचनला एक गोष्ट आठवत होती. तिने ती सांगितली नाही. ती अशी की त्या मुलाकडचे लोक आले तेव्हा दार सासूबाईंनी उघडलं होतं. "बाई इथंच गेली, मी स्वतः नैवेद्य ठेवते," असं त्यांनी अगदी मनापासून सांगितलं होतं. आणि कांचन आत पोळ्या लाटत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. रजनीवहिनी भोपाळात परत आल्या आहेत हेही तिला माहीत होतं, कारण आदल्याच महिन्यात न्यू मार्केटात त्या लांबून दिसल्या होत्या आणि कांचन पटकन बांगड्यांच्या दुकानात शिरली होती. त्या दिवशी दोन पावलं बाहेर येऊन "बाई जिवंत आहेत" म्हणायला पुरलं असतं. तिने पोळी उलटली.

"वहिनी, तो थांबा मी बंद करते," ती म्हणाली. "ऋचाला सांगते, यादीतून काढ म्हणून."

"काढलास तर मी मेलेलीच राहीन. ते घर पाडणार आहेत म्हणे?"

"पुढच्या महिन्यात."

"घर पडेल, गोष्ट राहील. गोष्टीला कुणी जेसीबी लावत नाही." रजनीवहिनींनी काठी उचलून तिच्याकडे केली. "मृणालनं मला तुझा व्हिडिओ दाखवला. काय बोलतेस गं. माझीच मला भीती वाटली. त्यात सुरुवातीला म्हणतेस, ज्यांची माणसं रांगेत उभी आहेत त्यांचं भूत करायचं नसतं. मग मी कुठल्या रांगेत उभी होते, की तुला दिसले नाही?"

कांचन त्यांचे पाय धरायला खाली वाकली.

"इथे खोलीत माफी मागू नकोस. मला नको. जिथे मारलंस तिथेच, लोकांसमोर, बाराला जिवंत कर. मी येईन. मृणाल फोनवर असेल. आणि लेखी हवं. तू कचेरीतली बाई आहेस, तोंडी बोललेलं फिरवता येतं हे तुला मी सांगायला नको."

"देते."

"आणि दहीभात आण."

"अं?"

"बावीस वर्षं माझ्या नावानं कालवलास ना, ते कळलंय मला. मला एकदाही मिळालेला नाही."

ऋचानं शनिवारी सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "काकू, तोच तर क्लायमॅक्स आहे. लोग उसी के लिए आते हैं. तुम्ही म्हणणार की भूत नाहीच, मग सकाळपासून ऊन कशासाठी खाल्लं त्यांनी?"

"मी सांगणार आहे, ऋचा."

"सुनो ना. भूत ठेवू, नाव बदलू. मीनाबाई करू. कोई भी."

"त्या नावाची बाईही कुठेतरी असेलच."

ऋचा बराच वेळ मोबाइलवर बोटं फिरवत राहिली. "मग पुढच्या रविवारचं मला बघावं लागेल, काकू. मला तसं म्हणायचं नाहीये, पण... हां, वही कह रही हूँ."

कांचनला हा रविवार फार प्रिय होता. छत्तीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या टिपण्यांवर सह्या घेतल्या होत्या. माणसं तिच्या तोंडाकडे बघताहेत, हे सुख तिला निवृत्तीनंतर मिळालं होतं. "बघ तू," ती ऋचाला म्हणाली आणि घरी येऊन कागद लिहायला बसली. चार वेळा फाडला, पाचव्यांदा जमला. त्यात न सांगितलेली ती पोळ्यांची गोष्टही घातली. घालताना पेन थांबलं होतं, पण घातली.

रविवारी एकोणीस माणसं आली. त्यांत केतकी नावाची एक मुलगी, काळे कपडे, काळी लिपस्टिक, बोटांत कवट्यांच्या अंगठ्या. कांचननं आधी हळूच विचारून घेतलं की घरी काही झालंय का. मुलगी म्हणाली, "नहीं आंटी, स्टाइल है." ताजमहाल झाला, बडा बागेतल्या थडग्यांजवळची बावडी झाली. त्या दिवशी कांचनचं बोलणं असं काही लागलं होतं की बावडीच्या पायऱ्यांवर एक जाडजूड ठेकेदार बायकोचा हात सोडायला तयार होईना. गाडीत बसल्यावर ऋचा कानाशी येऊन म्हणाली, "देखो काकू, किती रंगलंय. अजूनही विचार करा."

कांचननं मांडीवरचा डबा घट्ट धरला.

एकोणचाळीस नंबरसमोर कडुनिंबाखाली एक रिक्षा उभी होती. आत फिकट साडीतली एक आकृती. बाराला दोन मिनिटं कमी होती.

कांचन पायरीवर उभी राहिली आणि बोलायला लागली. रजनीबाई मेल्याच नाहीत, ती म्हणाली. हे भूत एका तरुण बाबू मुलीनं बनवलं, कारण तिला घर हवं होतं. ती मुलगी इथे उभी आहे. पण सवय वाईट. आवाज आपोआप खाली गेला, जिथे थांबायचं तिथे ती थांबली, आणि हात हलला तशा छत्रीतल्या बांगड्याही वाजल्या. लोकांच्या तोंडून "अहाहा" निघालं. ठेकेदार म्हणाला, "क्या ट्विस्ट है." तेवढ्यात रिक्षातून रजनीवहिनी काठी टेकत उतरल्या. पांढरे केस, फिकट साडी, डोक्यावर बाराचं ऊन. तीन जण मागे सरकले आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मेकअप किसने किया, आंटी?" कुणीतरी विचारलं.

"ब्याऐंशी वर्षं लागली," रजनीवहिनी म्हणाल्या. त्यालाही टाळ्या.

ऋचाचा चेहरा खुलला होता. रजनीवहिनींचा मात्र बदलत चालला होता. त्यांनी कांचनकडे बघितलं. आता त्या काहीच बोलत नव्हत्या, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ कांचनइतका कुणाला कळणार होता? आपण सांगतोय तेच आपल्या सांगण्याच्या हातोटीनं खोटं होतंय, हे तिच्या ध्यानात आलं. तिने छत्री मिटली. दांड्याच्या बांगड्या सोडल्या, सगळ्यांना दिसतील अशा उंच धरल्या आणि पायरीवर ठेवल्या. टाळ्या थांबल्या. मग तिने चष्मा लावला, पिशवीतून कागद काढला आणि शाखेत साहेबांपुढे टिपणी वाचायची तशी, एका सुरात, कुठेही न थांबता वाचायला लागली.

"शुद्धिपत्र. विषय, जी टाइप निवासस्थान क्रमांक एकोणचाळीस येथील भुताबाबत. सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली खाली सही करणारीने, सदर घर आपल्या पतीस मिळावे या हेतूने, यादीतील पहिल्या अर्जदारास सांगितले की येथे दुपारी बांगड्या वाजतात. बाई कोठे आहेत असे विचारले असता उत्तर दिले नाही. बाई त्या वेळी जगदलपूर येथे होत्या व त्यांची प्रकृती उत्तम होती. हे सही करणारीस माहीत होते."

वाचता वाचता ती त्याच सुरात हिंदीही करून सांगत होती, कारण अर्ध्या लोकांना मराठी येत नव्हतं. आता कुणी हसत नव्हतं.

"पुढे सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णवमध्ये कुमारी मृणाल पिंपळखुटे हिच्या विवाहासंबंधी चौकशीस आलेल्या व्यक्तींना याच दारात चुकीची माहिती देण्यात आली. त्या वेळी सही करणारी आत पोळ्या लाटत होती. तिने सर्व ऐकले. बाई भोपाळमध्ये असल्याचे तिला ठाऊक होते. ती बाहेर आली नाही. त्यानंतर तिने हीच गोष्ट करमणुकीसाठी दर रविवारी सांगितली. तरी श्रीमती रजनी गोपीनाथ पिंपळखुटे यांच्या नावापुढे जेथे जेथे ‘मृत’ असे बोलले, ऐकले अथवा समजले गेले असेल, तेथे तेथे ‘हयात’ असे वाचावे. सही, कांचन मधुकर धाबेकर."

कडुनिंबावर एक कावळा ओरडला. केतकीनं काळी लिपस्टिक लावलेलं तोंड उघडलं. "मतलब आंटी, सच में? आप ही ने?"

"हो. मैंने ही."

ठेकेदारानं रजनीवहिनींकडे बघून हात जोडले. का जोडले ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग त्याच्या बायकोनं जोडले.

रजनीवहिनी पायरीपर्यंत आल्या. "पोळ्यांचं गुरुवारी सांगितलं नव्हतंस."

"नव्हतं."

"का?"

"धीर झाला नाही."

"मग आज कसा झाला?"

"लेखी होतं," कांचन म्हणाली. "लेखी असलं की वाचावंच लागतं."

रजनीवहिनींनी हातातला फोन तोंडाजवळ धरला. "मृणाल, ऐकलंस?"

फोनमधून एका प्रौढ बाईचा आवाज आला. "ऐकलं. त्या स्थळाचं मला काही वाटलं नव्हतं. तुला सावत्र म्हणाले, त्याचं वाटलं होतं." आणि मग, "आई, उन्हात उभी राहू नकोस."

"राहात नाही," असं म्हणून रजनीवहिनी घराला वळसा घालून मागे निघाल्या, आणि एकोणीस माणसं वाट सोडून बाजूला झाली. मागच्या अंगणात सीताफळाचं झाड अजून होतं. स्वयंपाकघराच्या पायरीवर त्यांनी पदरानं धूळ झटकली आणि बसल्या, जिथे दर अमावास्येला पान मांडलं जायचं त्याच जागी. हात पुढे केला.

कांचननं डबा उघडून दिला, आणि सोबत शुद्धिपत्रही. रजनीवहिनींनी आधी दोन बोटांनी थोडी शितं काढली, ती कागदाच्या चारही कोपऱ्यांना चोळली आणि कागद कांचनच्या हातात दिला. कांचननं तो स्वयंपाकघराच्या दारावर लावून तळव्यानं दाबला. दही असूनही चिकटला. मागे कुणाचा तरी मोबाइल वर गेला होता. ऋचाचाच तो. ती व्हिडिओ काढत होती की नुसतीच धरून उभी होती, ते कळत नव्हतं. पुढचा रविवार आपला आहे की नाही, हेही कांचनला कळत नव्हतं, आणि त्या क्षणी तिने ते विचारलं नाही.

बारा वाजून सात मिनिटं झाली होती. रजनीवहिनींनी पहिला घास घेतला, डोळे मिटून चावला, गिळला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी दुसरा घास कालवता कालवता मान वर केली.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं असाच घालत होतीस?"